पोस काबाईचा पिवळा दगड

पोस काबाईच्या किनाऱ्यावरचा दगड जागेवर नव्हता.

नोलिता एमेरेन्सिआनाने गाडी कडेला घेतली, उतरली आणि कमरेवर हात ठेवून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. दगड होता तिथे मातीत एक फिकट वाटोळा डाग उरला होता आणि त्यात एक सरडा ऊन खात बसला होता. मग तिने दक्षिणेला नजर टाकली. दोनशे पावलांवर, रस्त्याच्या कडेला, तोच पिवळा दगड, त्याच काळ्या अक्षरांसकट, ऐटीत बसलेला होता. त्याच्या शेजारी भाड्याच्या तीन पांढऱ्या पिकअप गाड्या लागलेल्या होत्या. आणि समोरच्या उथळ पाण्यात पाठीवर सिलिंडर बांधलेली सात-आठ माणसं एकमेकांच्या खांद्याला धरून पायांत रबरी वल्ही चढवत होती.

ती माणसं कशावर उभी आहेत ते नोलिताला इतक्या लांबूनही कळत होतं. ती धावत सुटली. धावता धावता आधी इथल्या पापियामेंतू बोलीत ओरडली, मग डच भाषेत, मग इंग्रजीत. पाण्यातल्या माणसांनी हसून हात हलवले. त्यातला एक उंच गृहस्थ आदबीने म्हणाला की दगड इथे आहे, म्हणून आम्ही इथून उतरतोय. त्याचं चुकत नव्हतं, कारण कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर या डच बेटाच्या किनाऱ्यावर तोच कायदा आहे. पाणबुड्यांना बोट लागत नाही, वाटाड्या लागत नाही. पिवळा दगड दिसला की गाडी लावायची, चोराने काच फोडू नये म्हणून दारं-खिडक्या उघड्याच ठेवायच्या आणि सरळ समुद्रात चालत जायचं. दगड सांगेल तिथून.

पण दगडाने सांगितलेली ही जागा म्हणजे नोलिताची आठ वर्षं होती.

त्या कमरेएवढ्या पाण्यात तिने सांबरशिंगी पोवळी लावली होती. एकेकाळी हा सबंध किनारा त्या पोवळ्यांनी भरलेला होता म्हणे. मग रोग आला, वादळं आली, आणि राहिला तो राखाडी चुरा. नोलिताने खोल पाण्यात प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या झाडाला बोटाएवढे तुकडे टांगून वाढवले, वीतभर झाल्यावर इथे आणून एकेक करून खडकाला चिकटवले. त्रेचाळीस तुकडे. रोज सकाळी सातला मास्क आणि स्नॉर्कल लावून ती त्यांच्यावर तरंगायची, जुन्या टूथब्रशने त्यांच्या बुंध्याचं शेवाळ घासायची, पोवळी कुरतडणाऱ्या गोगलगायी वेचून डब्यात भरायची. दुपारी एका पाहुणेघराच्या चादरी धुवायची, ते पोटासाठी. सकाळ पोवळ्यांसाठी. आता एकेका पोवळ्याचा विस्तार चांगला घमेल्याएवढा झाला होता, आणि येत्या एक-दोन वर्षांत ती पहिल्यांदा अंडी सोडतील अशी तिला आशा होती. तसं झालं की मग तुकडे टांगायची गरजच नव्हती. बाकी कशासाठी ती जगत होती असं विचारलं असतं, तर तिला लवकर सांगता आलं नसतं.

पाणबुडे खोलात गेल्यावर तिने पाण्यात तोंड घातलं. पाच मोडली होती. मोडलेल्या फांद्यांची आतली पांढरी बाजू चुन्यासारखी चमकत होती.

आता कुणी म्हणेल, बाई धडधाकट आहे, दगड उचलून जागेवर ठेवायचा होता. पण नोलिताच्या पोवळी लावायच्या परवान्यात दुसरंच कलम ते होतं. किनाऱ्यावरची कुठलीही खूण, पाटी, दगड यांना हात लावला तर परवाना रद्द. आणि परवाना गेला की पोवळ्यांना बोट लावणंही गुन्हा. म्हणून ती सरळ मार्गाने गेली. तिथेच तिचं चुकलं.

प्लाया या गावातल्या रस्ते खात्यात खिडकीमागे मिरेल्वा नावाची बाई बसायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि इथे सगळे लाडाने म्हणतात तसं 'दुशी' म्हणत गोड आवाजात विचारलं, "दुशी, दगड रस्त्यावर आहे का?"

"रस्त्याच्या कडेला आहे."

"मग कडेला म्हणजे रस्ता नव्हे ना, दुशी."

पाणबुड्यांचा दगड म्हणजे सागरी उद्यानाचा, असं तिने समजावलं. नोलिता उद्यानाच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी सांगितलं की उद्यानाची हद्द भरतीच्या रेषेपर्यंत. दगड कोरड्या जमिनीवर आहे. तो पाण्यात पडला असता तर त्यांनी तातडीने दखल घेतली असती. नोलिता म्हणाली, मग पाण्यात ढकलू का? तेव्हा त्यांनी तिला परवान्यातल्या दुसऱ्या कलमाची आठवण करून दिली.

तिसऱ्या दिवशी ती जमीन नियोजनाच्या कचेरीत पोचली. तिथे योरिस नावाचा तरुण होता, हॉलंडहून येऊन तीन महिने झालेला, उन्हाने पार गुलाबी पडलेला आणि इतका सभ्य की त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती. त्याने संगणकावर नकाशा काढला, पोस काबाईवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "पण दगड तर जागेवरच आहे."

"नकाशात आहे. जमिनीवर नाही."

योरिसने हे वाक्य वहीत लिहून घेतलं. मग त्याने तिला चार पानांचा अर्ज दिला: खूणदगड मूळ जागी पुन्हा बसवण्याबाबत. नोलिताने तिथेच बसून तो भरला, जोर देऊन सही केली. आठ ते बारा आठवडे लागतील, असं त्याने सांगितलं. आठ ते बारा आठवड्यांत तिथे एकही पोवळं राहणार नाही, असं तिने सांगितलं. तेही त्याने लिहून घेतलं. त्यानंतर ती दर दिवशी दुपारी चादरी वाळत घालून त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहायची, आणि दर दिवशी तो उठून उभा राहून तिला सांगायचा की अर्ज विचाराधीन आहे.

सकाळी ती दगडापाशी पहारा द्यायची. पुठ्ठ्यावर 'इथे उतरू नका' असं तीन भाषांत लिहिलं, तो पुठ्ठा वाऱ्याने पहिल्याच तासात मिठागरांच्या दिशेने नेला. येणाऱ्याजाणाऱ्यांना हात जोडले तर त्यांना वाटायचं, ही बाई काहीतरी विकतेय. काही भले लोक मागे फिरायचे. बाकीचे म्हणायचे, आम्ही काही मोडत नाही हो, आम्ही जपून चालतो. आणि जपून चालत ते बरोबर पोवळ्यावर पाय द्यायचे, कारण वल्ही चढवताना माणूस टेकायला जे उंच दिसेल ते शोधतो. पाणबुड्यांच्या दुकानाच्या मालकाकडे ती गेली. तो म्हणाला, नवी जागा पाहुण्यांना फार आवडली, गाड्या लावायला ऐसपैस आहे. नोलिताच्या डोक्यात तिडीक गेली. पण ती धुवायची त्या सगळ्या चादरी त्याच्याच मेव्हण्याच्या पाहुणेघरातून यायच्या, म्हणून ती तशीच घरी आली.

त्रेचाळीसची अडतीस झाली, अडतीसची एकतीस. नवव्या दिवशी सव्वीस.

त्या सगळ्या दिवसांत एकच गोष्ट बरी होती, संध्याकाळचं जेवण. नोलिताच्या अंगणातच तिच्या थोरल्या भावाचं घर होतं. सिरियाको, पण त्याला सगळे चाको म्हणायचे. सत्तावन्न वर्षांचा, बायको मेलेला, ओठ दिसणार नाहीत एवढ्या मिशा राखलेला कोळी. बहीणभाऊ एका अंगणात राहायचे आणि एकमेकांच्या कामाबद्दल चकार शब्द बोलायचे नाहीत. भांडण होतं म्हणून नव्हे, तशी सवयच नव्हती. पण गेला आठवडाभर चाको रोज संध्याकाळी ताटभर तळलेले मासबांगू आणि मक्याच्या पिठाची घट्ट फुंची घेऊन तिच्या ओट्यावर यायचा. मासबांगू हाताएवढे, चकचकीत, कुरकुरीत. सहा वर्षांनी ते या बाजूच्या किनाऱ्याला लागले होते. नोलिता खायची आणि बोलायची. मिरेल्वा काय म्हणाली, साहेब काय म्हणाले, गुलाबी पोराने काय लिहून घेतलं. चाको मनापासून ऐकायचा. मध्येच विचारायचा, "मग तो काय म्हणाला?"

नवव्या दिवशी दातांतून काटा काढत नोलिता म्हणाली, "कोणी हलवला असेल रे तो दगड?"

"मी," चाको म्हणाला आणि फुंचीचा तुकडा मोडला.

नोलिताला आधी वाटलं थट्टा करतोय. "तू म्हणजे?"

"मी म्हणजे मी. पहार घेतली, शेजारच्या बुबूची गाडी घेतली. अर्ध्या तासाचं काम."

"नऊ दिवस मी तुझ्यासमोर बसून रडतेय, आणि तू मासे वाढतोयस?"

"तू मला विचारलंस कुठे? रस्तेवाल्यांना विचारलंस, उद्यानवाल्यांना विचारलंस, त्या गुलाबी पोराला विचारलंस. मला आज विचारलंस, आज सांगितलं."

त्याला लाज नव्हती, कारण त्याच्या हिशेबी लाजण्यासारखं काही घडलंच नव्हतं. मासबांगू किनाऱ्याला लागतात म्हणजे ढगासारखे काठाशी उभे राहतात, आणि ते फक्त पोस काबाईलाच उभे राहतात. बापाच्या काळापासून तेच आहे. जाळं अर्धगोल टाकायचं आणि दोरी ओढायची. मासे गोळा होत आले की पाणबुडे कॅमेरे घेऊन थेट त्यांच्यात घुसायचे, आणि सगळा ढग उतारावरून खोलात नाहीसा व्हायचा. मागच्या वेळी, सहा वर्षांपूर्वी, चाकोने याच कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. तेव्हाही रस्तेवाल्यांनी उद्यानाकडे पाठवलं आणि उद्यानाने रस्तेवाल्यांकडे. या खेपेला त्याने कुणाला विचारलंच नाही. जिथे काही नाही अशी जागा बघितली आणि दगड तिथे नेऊन ठेवला.

"जिथे काही नाही?" नोलिताने ताट बाजूला सारलं.

"काय आहे तिथे? कमरेएवढं पाणी आणि खडक. सबंध जन्मात तिथे मला एक मासा लागला नाही."

"मी आठ वर्षं रोज सकाळी तिथे जाते. काय करायला जाते असं वाटलं तुला?"

चाकोने खरंच विचार केला. "ब्रश घेऊन जातेस. गाव म्हणतं, नोली समुद्राचे दात घासते. मला वाटलं, असेल काहीतरी."

ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. तिला भावाचा राग आला होताच, पण त्याहून जास्त राग या गोष्टीचा आला की तो खोटं बोलत नव्हता. चाकोने आयुष्यात कधी पाण्याखाली तोंड घातलं नव्हतं. इथल्या जुन्या कोळ्यांना पोहता येत नाही. पोहायचं असेल तर बोट कशाला, असं ते म्हणतात. समुद्र त्यांना वरून ठाऊक असतो. पाण्याचा रंग बघून ते मासा सांगतील, पण त्या रंगाखाली काय आहे ते जाळ्यात आलं तरच त्यांना कळतं.

सकाळी उजाडताच तिने परवान्याचं दुसरं कलम खड्ड्यात घातलं आणि चाकोचीच पहार उचलली. दगड ढकलत, लोळवत, मध्ये मध्ये त्यावरच बसून दम खात तिने तो दोनशे पावलं मागे नेला. दीड तास लागला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. दगड फिकट डागावर बरोबर बसला तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की तिने त्याला एक लाथही घातली.

समोर पाण्यात चाकोची बोट होती. जाळं पडलेलं होतं. काठावर अकरा माणसं दोरी धरून उभी होती. जो दोरी धरतो त्याला वाटा, ही इथली रीत, म्हणून शेजारपाजार वाडगे-बादल्या घेऊन आला होता. एक्याऐंशी वर्षांच्या तांता सेफेरिनासुद्धा एका हाताने दोरीला नुसता स्पर्श करून उभ्या होत्या, तेवढ्यावर त्यांचा वाटा पक्का असायचा. पाण्यात काठापाशीच माशांची मोठी काळी सावली हलत होती. आणि तेवढ्यात पहिली पांढरी पिकअप येऊन दगडाशेजारी थांबली.

नोलिता त्यांना आडवी गेली. दहा मिनिटं थांबा, म्हणाली. सहा जणांपैकी चौघं थांबली. दोघं आधीच पाण्यात होती. त्यांना काही वाईट करायचं नव्हतं. त्यांनी मासे बघितले आणि आनंदाने त्यांच्यात शिरली. सावली ताणली गेली, फाटली आणि खाली गेली. जाळं ओढलं तेव्हा त्यात पाच मासबांगू आणि कुणाचं तरी एक निळं रबरी वल्हं होतं.

  लोक रिकामे वाडगे काखेत घेऊन रस्ता ओलांडू लागले. तांता सेफेरिना नोलितापाशी थांबल्या.

"माझा वाटा कुणी नेला गं, नोली?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

नोलिता चाकोकडे वळली. तो जाळ्याची घडी घालत होता. तो दगडाकडे बघतही नव्हता. शिवीगाळ झाली असती तर तिला तोंड उघडता आलं असतं, आता ती तशीच त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "चल. दाखवते."

"मला पोहता येत नाही."

"कमरेएवढं पाणी आहे म्हणालास ना? उभं राहायचं आणि वाकायचं. गुरं पितात तसं."

मिशांमुळे मास्क बसेना. पहिल्या वेळी पाणी नाकात गेलं, दुसऱ्या वेळी डोळ्यांत. चाकोने समुद्राच्या आईबापांचा उद्धार केला. नोलिताने पिशवीतून व्हॅसलीन काढलं आणि त्याच्या मिशांवर पावाला लोणी फासतात तसं फासलं. तिसऱ्या वेळी मास्क बसला. चाको वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

तो इतका वेळ वर येईना की तिला वाटलं, नळीतून श्वास घ्यायचं विसरला की काय. पण नळीतून फुसफुस ऐकू येत होती. तो पाय न उचलता, वाकूनच, हळूहळू स्वतःभोवती फिरत होता. शेवटी तो सरळ झाला आणि मास्क कपाळावर सारून उभा राहिला.

"पांढरी आहेत ती मोडलेली?"

"हो."

"हाताएवढं वाढायला किती लागतं?"

"तीन वर्षं. चार."

"आणि त्या फांद्यांत घुसलेली बारकी पिल्लं? पिवळ्या पट्ट्यांची?"

"मोठी झाली की उतारावर जातात. तू गळ टाकतोस तिथे."

चाकोने मिशांवरचं व्हॅसलीन हाताच्या पाठीने पुसलं. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

यावर तो हसला नाही. पाण्यातून बाहेर आला आणि तसाच दक्षिणेला चालू लागला. अजून शंभर पावलांवर खडकात एक फट होती, तिच्यात पांढरी वाळू. त्यांच्या बापाने पहारीने फोडून रुंद केलेली. या सगळ्या किनाऱ्यात बोट ओढायला तेवढीच एक जागा, आणि चाकोची बोट तिथेच असायची. तिथे पोवळं नव्हतं, मासबांगू नव्हते, बोटीच्या तळाने घासून गुळगुळीत झालेली वाळू होती.

"दगड इथे आण," तो म्हणाला.

"आणि बोट?"

"प्लायाच्या धक्क्याला."

"ते सहा किलोमीटर आहे. रोज सायकलने जाणार? जाळं घेऊन? या वयात?"

"दगड आणतेस की मी आणू?"

दोघांनी मिळून दुपारी बुबूच्या गाडीतून दगड आणला. नोलिताला नकोसं झालं होतं. भावाने बापाची जागा सोडावी एवढं आपलं काय मोठं, असं एकीकडे वाटत होतं, आणि दुसरीकडे सव्वीस पोवळी वाचणार म्हणून ती मनातून उड्याही मारत होती. आणि या दोन्हीचा एकदम राग येत होता. पण जमलं. दोन दिवस जमलं. पाणबुडे वाळूवरून चपला काढून पाण्यात जायचे आणि म्हणायचे, काय सुरेख जागा आहे. पोस काबाईला सावली परत आली, तांता सेफेरिनांचा वाडगा भरला. नोलिताने मोडक्या फांद्यांपैकी जिवंत होत्या त्या वेचल्या आणि लांबीच्या गोळ्याने पुन्हा खडकाला बसवल्या. बारा दिवसांत पहिल्यांदा तिने मोजलं आणि आकडा वाढला. सव्वीसची चौतीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी चादरींचं गाठोडं गाडीत टाकताना तिला रस्ते खात्याचा पिवळा ट्रक दिसला. चार माणसं, उचलायचं यंत्र, सिमेंटच्या गोण्या. आणि हातात फाइल घेतलेला योरिस, आनंदाने नेहमीपेक्षाही गुलाबी.

"मंजूर झाला," तो लांबूनच म्हणाला.

त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. तिची तळमळ बघून त्याला झोप आली नव्हती. त्याने फाइल स्वतः टेबलाटेबलावरून नेली. रस्तेवाले आणि उद्यानवाले यांना एका खोलीत बसवलं. ते कित्येक वर्षांत झालं नव्हतं म्हणे. बारा आठवड्यांचं काम नऊ दिवसांत. आणि पुन्हा कुणी हलवू नये म्हणून या वेळी सिमेंटमध्ये.

"नको," नोलिता म्हणाली. "आता नको. इथेच राहू द्या. इथे बरा आहे."

योरिस गोंधळला. त्याने फाइल उघडून तिच्यासमोर धरली. "पण हे तुमचंच अक्षर ना?"

अक्षर तिचंच होतं. प्रत्येक रकान्यात, जोर देऊन लिहिलेलं. मूळ जागी, तातडीने, कायमस्वरूपी. कायमस्वरूपी या शब्दाखाली तिने रेघही मारली होती. ती म्हणाली, मी अर्ज मागे घेते. मंजूर अर्ज मागे घेता येत नाही, असं योरिसने खरोखर दुःखाने सांगितलं. नव्या जागेसाठी नवा अर्ज करता येईल, पण त्याला पर्यावरणाचा अभ्यास लागतो, वर्षभर तरी जाईल. मग त्याने वाळूच्या फटीशेजारी बसलेल्या दगडाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "आणि हा तर तुम्ही सांगितला होता तिथेही नाही. मध्ये कुणी हलवला का?"

नोलिताने खरं सांगितलं असतं तर दोघांचे परवाने गेले असते. तिचा पोवळ्यांचा आणि चाकोचा जाळ्याचा. "वारा फार असतो इथे," ती म्हणाली. स्वतःचंच ऐकून तिला हुंदका आला. योरिसने ते लिहून घेतलं नाही. बहुतेक त्याला कळलं असावं.

पोस काबाईला खड्डा खणला गेला. चाको जाळं सायकलला बांधून धक्क्याकडे निघाला होता, तो आवाज ऐकून आला आणि खड्ड्याजवळ थांबला. त्याला काही सांगावं लागलं नाही. ट्रकवरचा मुकादम त्याचा शाळेतला सोबती होता. त्याने हाक मारली, "चाको, तुझी नजर पक्की. सरळ बसलाय का बघ."

चाकोने सायकल स्टँडवर लावली, एक डोळा मिटला. "जरा उत्तरेला," तो म्हणाला.

त्यांनी दगड जरा उत्तरेला केला आणि सिमेंट ओतलं. योरिसने नोलिताला दगडाशेजारी उभं करून फोटो काढला. खात्याच्या पत्रकासाठी हवा होता. नागरिकांच्या पाठपुराव्याचं असं उदाहरण त्यांच्याकडे दुसरं नव्हतं. तिने हसावं असं त्याने सुचवलं. तिला हसताही येईना आणि नाहीही म्हणता येईना, म्हणून ती नुसती उभी राहिली. मग सगळे हात मिळवून निघून गेले. बारा वाजायच्या आत उन्हाने सिमेंट वाळलंसुद्धा.

बहीणभाऊ तिथेच उभे होते. नोलिताला दगड दातांनी फोडावासा वाटत होता. "उद्या सकाळी मी नवा अर्ज भरते," ती म्हणाली. "वर्ष लागू दे, दोन लागू देत."

"नको," चाको म्हणाला. "तुझ्या अर्जावर काम होतं."

टोमणा होता की कौतुक, ते तिला कळलं नाही. तिने त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो पाण्याकडे बघत होता. पांढरी पिकअप आली, थांबली, तिची दारं उघडली, आणि चौघं जण हसत-बोलत सिलिंडर पाठीवर चढवू लागले. काठाजवळ काळी सावली अजून उभी होती.

"अंगावर ये ना," नोलिता म्हणाली. "बोल मला काहीतरी. शिव्या दे."

चाकोने जाळ्याची दोरी सायकलवरून सोडली आणि मनगटाला गुंडाळत बसला. पहिला पाणबुडा पाण्यात शिरला.

"तुझी पोवळी तरी वाचली," तो म्हणाला, आणि ते त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं की नोलिता रस्त्याच्या कडेला, सगळ्यांदेखत, तोंडावर हात घेऊन रडायला लागली.